संदर्भसूची

वर्तक मॅडम म्हणाल्या, एपीए घे, सगळे तेच घेतात.
घेतलं.
आडनाव आधी, मग आद्याक्षर, मग कंसात वर्ष.
पदीबाय झाली भोईर, प.
घणसोलीच्या ओटीवर बसून तिने
मिठागराचे सव्वीस शब्द मला दिले होते,
प्रत्येकासाठी पायाची एखादी भेग दाखवत.

मग बारीक टाइपातला नियम वाचला :
तोंडी सांगितलेलं मजकुरात चालेल,
शेवटच्या यादीत नको.
वाचकाला ते पुन्हा सापडणार नाही.

खरंय.
टॉवरच्या पार्किंगखालची तापवणी
कोणाला सापडणार?
पदीबायही गेल्या शिमग्यापासून नाही.

त्या रात्री तीनशे बारा नोंदी
मोडून पुन्हा बांधल्या, एमएलएत.
तिथे मुलाखतीला यादीत जागा असते.
मॅडम चिडल्या. सबमिशनला नऊ दिवस,
आणि तुला आत्ता सुचतंय?
स्वप्नातसुद्धा मी स्वल्पविराम उचलून
पूर्णविराम ठेवत होते.

आता ती 'भ'मध्ये आहे,
भिडे आणि भोळे यांच्या मधोमध,
दोघेही डॉक्टरेट.

मॅडमनी लाल पेनने समासात विचारलंय :
पदी? की पद्मा?

पदीच.
मी विचारलं होतं तिला.