विक्रोळीचा चढ

बरकतभाईंनी सीट दोन बोटं वर केली.
म्हणाले, हँडलचा गळा दाबू नका, मॅडम,
ते काही तुमचं देणं लागत नाही.

सव्वापाच. हायवे.
दुधाचा टेम्पो कानाशी वारा फाडत गेला,
मी पुढची दोनशे मीटर
श्वास घ्यायचाच विसरले.

विक्रोळीच्या पुलाला चढ आहे.
बावन्न वर्षांत कळलं नव्हतं.
रिक्षातून तो सपाट असायचा.
गिअर डावीकडचा की उजवीकडचा?
खटक. खटक.
पाय क्षणभर पोकळीत फिरले,
मग चेन बसली
आणि पूल माझ्याखालून हळूहळू सरकू लागला,
एकेक खिळा दाखवत.

परतताना कांजूरच्या सिग्नलला
पाय टेकायचा राहिला.
आडवी झाले, अगदी सावकाश,
भिंतीवरून शिडी घसरावी तशी.
रस्ता झाडणारी बाई झाडू टाकून धावली.
लागलं का?
मग सायकलकडे बघत, केवढ्याला?
मी निम्मी किंमत सांगितली.
तरी ती म्हणाली, बापरे.

गुडघा धुताना हेरंब दारात उभा,
कुठपर्यंत गेली होतीस?
म्हटलं, विक्रोळीला चढ आहे,
तुला माहीत होतं?