केवढ्याला पडली

रविवारी पहाटे साडेपाचला
वर्कसॉपबाहेरचं हे मैदान
अजून धुक्याच्याच मालकीचं असतं.
गाड्या रांगेने येतात, डिक्क्या उघडतात,
घराघरातलं नकोसं झालेलं
घडीच्या टेबलांवर मांडलं जातं:
टोस्टर, कुणाच्या तरी लग्नातल्या बश्या,
एकाच पायाचा रोलर स्केट.

मी रात्रपाळी संपवून थेट इथे येतो.
खिशात सुटी नाणी, एक भिंग,
चेहऱ्यावर सराव केलेला कंटाळा.
हा कंटाळा क्लाइव्हने शिकवला.
हवी ती गाडी आधी उचलायची नाही.
तिच्या शेजारची उचल,
चाकं फिरवून बघ, नाक मुरड, ठेव.
मग जणू हात रिकामा राहिला म्हणून...

क्लाइव्ह कपाळाला दिवा बांधून फिरतो,
खाणीत उतरल्यासारखा.
त्याचे वडील खरोखरच उतरायचे.

आज तो तीन रांगा मागे होता.

ग्लेनिसच्या टेबलाखाली बिस्किटांचा डबा.
आत ट्रॅक्टर, रोडरोलर,
वरचा मजला उडालेली बस,
सगळी चाकांत चाकं अडकवून निजलेली.
आणि तळाशी
ब्रेडची व्हॅन. जांभळी.

काळजाचा ठोका वगैरे चुकला नाही.
कान तेवढे गरम झाले.
हिरव्या हजारोंनी निघाल्या.
जांभळ्या, म्हणतात, एकाच शनिवारी,
रंगाचं पिंप बदलताना कुणाच्या तरी चुकीने.
क्लाइव्हने एक पाहिली होती, काचेआड.
ही गोष्ट त्याने मला सहा वेळा सांगितली आहे.

मी बस उचलली. नाक मुरडलं.
"केवढ्याला?"
"दोन पौंड, लव्ह."
"आणि ती?" तिच्याकडे न बघता.
ग्लेनिसने व्हॅन हातात घेतली,
छपरावरून अंगठा फिरवला
मांजराच्या कपाळावरून फिरवावा तसा.
"तीपण दोन."
"एक घ्या की, अजून भवानी व्हायचीय तुमची."
हे मी इंग्रजीत कसं म्हटलं, आठवत नाही,
पण तिला कळलं. हसली. दिली.
जरा जास्तच हसली, असं आता वाटतं.

येताना व्हॅन छातीच्या खिशात होती.
तिला सांगायला हवं होतं का
हा प्रश्न पहिल्या राउंडअबाउटपर्यंत टिकला.
मी एक फेरी जास्त मारली त्याच्यासाठी.
पुढे सरळ रस्ता होता, आणि मनात आकडे:
दोनशे, अडीचशे, डबा असता तर चारशे.

घरी, टेबललॅम्पखाली, भिंगातून
आधी ब्रशच्या रेघा दिसल्या.
मग रंगात रुतलेला एक खराखुरा केस.
दाराच्या फटीत हिरवा.
वास कधीच उडून गेलेला,
पण ही चमक ओळखीची,
हेमांगीच्या ड्रॉवरमधली.
नखांना लावायचा रंग.
आणि बुडाला, दोन चाकांच्या मध्ये,
ओला असतानाच उचलल्याचा ठसा
माझ्या करंगळीच्या नखाएवढ्या बोटाचा.

ॲसिटोन घरात आहे.
दोन मिनिटांत खालची हिरवी निघेल,
तिचेही पाच-सहा पौंड कुठे गेले नाहीत.
कापूस भिजवलासुद्धा.
मग त्याने माझ्याच बोटाला लागलेली शाई पुसली
आणि बाटलीचं झाकण लावलं.

तेवढ्यात चहा घेऊन हेमांगी.
"केवढ्याला पडली?"

अकरा वर्षं या प्रश्नाला मी
निम्म्याहून कमी किंमत सांगत आलोय.
पंधराची सात. तिसाची,
"अगं, उठायची घाई होती त्याला, दहाला दिली."
आज एका पौंडाच्या गाडीला म्हणालो,
"बारा."

तिने व्हॅन उजेडात धरली.
आपली नखं शेजारी नेऊन बघितली.
"रंग दोनदा लावलाय," म्हणाली,
"पहिला नीट वाळू दिला नाही."