कै

सभा मराठीत भांडते,
इतिवृत्त मात्र कन्नडात उतरतं.
मधल्या फूटभर जागेत मी बसते,
निपाणी नगरपालिकेची दुय्यम कारकून,
अकरा वर्षं.
फार काही बदलावं लागत नाही.
ठरावाला एक उकार जोडला की ठरावु.
बहुमत दोन्हीकडे तसंच.

आज विषय क्रमांक सात:
मुख्य कायदा सल्लागार म्हणून
ॲड. भुजबली मगदूम यांच्या नावाला मंजुरी.
आधीचे सहा (गटार, गटार, मटण मार्केटचं छप्पर)
पाऊण तासात उरकले.
सातव्याला पंख्याचा आवाज ऐकू आला.

मगदूम वकील भिंतीकडच्या खुर्चीत,
फाईल नाही, काही नाही,
हातात फक्त चष्म्याचं घर. उघड, मीट.
ती टिकटिक माझ्या ओळखीची.
चिकोडीच्या कोर्टात ऐकली होती, चौदाव्या वर्षी,
आईची पिशवी धरून.

फंडाचा दावा. त्रेसष्ट बायका, एक बिडी कारखाना.
कारखान्याकडून मगदूम.
"रजिस्टरवरचा अंगठा याच बाईंचा कशावरून?"
आईनं हात पुढे केले.
बत्तीस वर्षं तेंदूपान वळून
रेघ न् रेघ झिजलेली,
पाट्यावरल्या वरवंट्यासारखी बोटं.
शाई लावून अंगठा टेकवला
तर कागदावर नुसता काळा गोळा.
"बघा साहेब, हा कुणाचाही असू शकतो."
टिक.

परतताना एसटीत आई म्हणाली,
"मानूस हुशार हाय गं."
शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

वॉर्ड नऊच्या हसीना बेपारी उठल्या.
"बायकांचे अंगठे तुम्हीच खोटे पाडलेत ना?"
"अंगठे नाही, पुरावा पाडला," ते म्हणाले.
"तेव्हा पक्षकार कारखाना होता. उद्या तुम्ही असाल."
त्याच कारखान्याकडे
पालिकेची बारा वर्षांची घरपट्टी थकलीय,
सगळ्यांना ठाऊक.
मागून कुणीतरी: "हरणारा भला माणूस घेऊन काय घालायचंय, लोणचं?"
हशा.
मीही हसले.
हसणं इतिवृत्तात येत नाही.

अध्यक्ष म्हणाले, "परवागि इरुववरु कै एत्ति."
बाजूच्यांनी हात वर करा.

कै म्हणजे हात.
आमच्यात हे अक्षर
मेलेल्या माणसाच्या नावाआधी येतं, टिंब देऊन.
कै. हौसाबाई लोकरे:
देवळाला दिलेल्या पितळी घागरीवर
मी घालून घेतलंय.
नाव घालणाऱ्यानं टिंबाचे पैसे धरले नाहीत.

उभी राहून मोजले.
अठरा.
त्यात एक शेवंता खोतांचा.
आईच्या सुपाला सूप लावून बसायच्या त्या,
छाट बिड्यांवरून मुकादमाशी भांडायच्या,
त्रेसष्टातल्या एक.
आता नगरसेविका. वॉर्डातला बोअर मंजुरीला अडकलाय म्हणतात.
पंजा उताणा, माझ्याकडे.
ट्यूबलाइटखाली बोटं चकाकत होती,
रेघ एक नाही.
त्यांनी नजर खाली घातली नाही.
मी घातली.

विरोधात अकरा.
दोघे लघवीला गेलेले.

मगदूम वकील जाताना टेबलाशी थांबले.
"सही कुठं?"
जागा दाखवली.
"तुम्ही कुठल्या?"
"इथल्याच."
"बरं," म्हणाले, आणि खरंच बऱ्या माणसासारखे
जिन्यातल्या शिपायाला वाट देऊन खाली गेले.

मग लिहिलं:
कै एत्तुव मूलक, बहुमतदिंद,
हात वर करून, बहुमतानं,
कन्नड अक्षरं गोल, हात थांबत नाही त्यांत.

संध्याकाळी पौरायुक्तांनी वही तपासली.
एका अक्षरापुढे पेन्सिल टेकवली.
इथं हे टिंब कसलं?

शाई, सर.