काय कापलंस?

डावा सिग्नल दिला की वायपर एकदाच हलतो,
झोपेत कूस बदलल्यासारखा.
ब्रेक दाबला की रेडिओतली बाई
वाक्य अर्धं गिळते.
मागचे दिवे शनिवारपासून गेलेतच.
आणि सकाळी किल्ली फिरवली
की बॉनेटखालून एक टक्.
एकच.
कुणी दार किलकिलं करून बघावं
आणि मी आहे म्हटल्यावर परत लावून घ्यावं, तसा.

शनिवारी मी स्टिरिओ बसवला होता.
निळ्या आकड्यांचा, जुन्या बाजारातून, घासाघीस करून.
ओपेलचा कंपनीचा प्लग चौकोनी, तपकिरी, हट्टी,
नव्याच्या पाठीत शिरेना.
तेव्हा मी वर घरात गेलो
आणि एक गोष्ट घेऊन खाली आलो.
त्याविषयी नंतर.

स्कायद्रीते तळमजल्यावर राहते.
लिएपायाच्या ट्राम डेपोत एकतीस वर्षं वायरमन.
वायरमनच म्हणत तिला, दुसरा शब्द कुणी शोधलाच नाही.
नोव्हेंबरचा वारा समुद्रावरून सरळ अंगणात येतो,
मध्ये कुठे थांबत नाही.
त्या वाऱ्यात ती कपाळाला दिवा बांधून उभी,
अंगात नवऱ्याचा कोट, हातात मीटर.
म्हणाली, ओयार्स, काय कापलंस?
काहीच नाही, मी म्हणालो.
तिनं मान हलवली,
दोनच घेतल्या म्हणणाऱ्याकडे बघून डॉक्टर हलवतात तशी.

बॅटरीची काळी पकड सोडवून
तिनं मधे मीटर घातला.
चारशे दहा मिलिअँपिअर.
बंद गाडी. किल्ली माझ्या खिशात.
झोपेत एवढं कोण खातं रे?
मग मी एकेक फ्यूज उपटायचा
आणि तिनं आकडा वाचायचा.
चारशे दहा.
चारशे दहा.
(बोटं बधिर. एक फ्यूज सीटखाली गेला तो गेलाच.)
चारशे दहा.
त्यातला एक आधीच जळलेला,
पोटातली तार तुटलेली, पापणीच्या केसाएवढी.
हे तुझे मागचे दिवे, ती म्हणाली, पुढे चल.
चारशे दहा.
वीस.

आम्ही दोघंही हातातल्या त्या फ्यूजकडे बघत राहिलो.
स्टिरिओचा.

मग तो बाहेर ओढला तिनं, वायरींच्या गुंत्यासकट,
आणि दिव्याखाली तरी अंधार राहिला नाही:
लाल जिथे पिवळी हवी तिथे, पिवळी जिथे लाल हवी तिथे,
एक नागडं टोक लोखंडी पट्टीला टेकलेलं,
काळी वायर प्लास्टिकमधल्या एका स्क्रूखाली दाबलेली,
वर माझी चिकटपट्टी, वाढदिवसाच्या भेटीला लावतात ती.

स्कायद्रीते ओरडली नाही.
तिनं काळी वायर बोटावर घेतली.
हिचं काम काय? प्रवाहाला घरी न्यायचं.
तू तिची वाट बुजवलीस.
पण घरी तर त्याला जायचंच असतं.
मग तो दुसऱ्यांच्या घरांतून जातो.
वायपरच्या. सिग्नलच्या.
रात्री अपरात्री, ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरातून.
ते बिचारे दचकणारच.

सुरीनं, मी म्हणालो.
कुठल्या?
पावाच्या.
ती हसली. वाऱ्यात दिव्यासकट हलत हसली,
उजेड भिंतीवर, माझ्या बुटांवर, परत भिंतीवर.

साडेनऊपर्यंत सगळं जागेवर आलं.
काळी वायर खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट.
एक तेवढी उरली, तपकिरी, पांढऱ्या रेघेची,
कुठून आली तिलाही कळेना, मलाही.
टोकाला टेप गुंडाळून तिनं ती आत ढकलली.
गाडी चालतेय ना? मग हिला नको विचारूस.
उजवा स्पीकर अजून मुकाच आहे.

वर द्झिन्त्रा रात्रपाळीचा डबा भरत होती.
राईचा पाव, जाड काप.
एका कापात काहीतरी चमकलं.
तिनं नखानं ओढून काढलं, तांब्याचा केस,
दिव्यासमोर धरला.
सुरीचे दात बघितले.
मग माझ्याकडे.

काय कापलंस?