बाजू दुसरी, गाणं तिसरं

साडेआठला शटर अर्धं ओढलं
आणि तपासणीच्या खोक्यात जाऊन बसले,
जिथं दिवसभर मुलुंडचे म्हातारे बसतात
मुठीत बटण धरून, परीक्षेला आल्यासारखे.
‘ऐकू आलं की दाबा,’ मी काचेपलीकडून सांगते,
‘अगदी बारीक आलं तरी.’

कॅसेट भाच्यानं शोधून आणली.
पुन्हा काढतायत म्हणे, मोठ्या काळ्या तबकडीवर,
पोरं आगाऊ पैसे भरून बसलीत.
‘मावशी, ही तू?’
पालिकेच्या ट्रकवर चौघं,
उचललेल्या हातगाड्यांच्या ढिगावर पाय सोडून.
बँडचं नाव जप्त सामान. कॅसेटचं, तळमजला.
हो, मी. केस बघ की.
(नंतरही एक कॅसेट निघाली.
ती कुणाला आठवत नाही. आम्हालाही.)

माहीमला बेकरीच्या माथ्यावर डबिंगचा स्टुडिओ होता.
दिवसा तिथं मालिकांतले राक्षस हसायचे,
रात्री अकरा ते चार आम्ही, निम्म्या दरात.
उन्मेष म्हणायचा, पावाचा वासही टेपवर उतरलाय.
उन्मेष काहीही म्हणायचा आणि ते खरं वाटायचं,
म्हणून गायक तो.
आता ठाण्यात लिफ्ट विकतो. चांगल्या खपतात.

पहिलं गाणं अजून पळतं.
दुसरं पोरकट आहे, ते माझं.
‘क्लोरीन’ला बेसचा पट्टा खांद्यात रुतला,
अगदी जुन्या जागी,
आणि इम्तियाज मुकादमची गिटार तशीच,
घरून भांडून आल्यासारखी.

बाजू दुसरी, गाणं तिसरं.
दुसऱ्या कडव्यानंतर अकरा सेकंद काहीच नाही.
त्यावर किती लिहिलं गेलं.
शहरानं धरलेला श्वास, असं एकानं.
एकानं गिरण्यांचे बंद पडलेले भोंगे आणले.
एका मुलीनं प्रबंधात अख्खं पान दिलं.
उन्मेष मुलाखतीत म्हणाला, ‘ठरवूनच.’
आम्ही तिघांनी माना डोलावल्या.

मी विसरले होते.
पुढचा सूर कुठला, बोट कुठं,
डोकं पाटीसारखं पुसलेलं.
सगळे माझ्यासाठी थांबले.
खाली भट्टीतून पहिले पाव निघत होते,
परत घ्यायला ना टेप उरली होती ना पैसे.
मग कुठूनशी सुरू झाले मी,
आणि त्यालाच धाडस म्हणाले लोक.

नेव्हिल तुस्कानोशी तेव्हापासून बिनसलं.
तो म्हणाला, तू ताल सोडलास.
मी म्हटलं, तू मला एकटीला सोडलंस.
दोन वर्षांनी बँड मोडला तेव्हा
कारण भलतंच सांगितलं, सगळ्यांनी एकच.

माझ्या डाव्या कानात चार हजार हर्ट्झला खड्डा आहे.
आलेखावर स्वच्छ दिसतो.
मी त्याला नेव्हिलची झांज म्हणते,
शिकाऊ मुलींना वाटतं, काही वैद्यकीय नाव असेल.

पण हे खोकं भलतंच मुकं आहे.
रस्ता नाही, पंखा नाही, रक्ताचाच काय तो आवाज.
आणि उजव्या कानात, त्या अकरा सेकंदांत,
कुणीतरी मोजतंय.

ओठातल्या ओठात. वसईचा हेल.
चार. पाच.
खुर्ची करकरते. सहा.
कांडी मांडीवर, कापडावरून, इतकी हळू
की घाबरलेल्या जनावराजवळ जावं तशी.
नऊ. दहा.
मग श्वास,
मग ‘ये.’

आणि मी आले. ऐकू येतंय, मी आले,
कुठूनशी नाही,
तिथूनच.

अंगठा आपोआप दाबला गेला.
बाहेर यंत्रावर हिरवा दिवा लागला असणार,
रिकाम्या खुर्चीसमोर,
आलेखावर खूण करायला कुणी नसताना.

कॅसेट पुढं सरकली.
चौथं गाणं आम्ही फार घाईत वाजवलंय.