तीन पिढ्यांची झेरॉक्स

पाटणला कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
लोक येतात, घडी उलगडतात,
आणि आपलं सगळं काचेवर पालथं घालतात.

मंगळवारी ठकूबाई झोरे आल्या,
सड्यावरच्या धनगरवाड्यावरनं, अंधारात निघून.
वनहक्काचा दावा. वर लाल शाईत :
तीन पिढ्यांचा पुरावा जोडलेला नाही.

"पुरावा म्हंजे?"
जुना कागद, म्हटलं. आज्याच्या नावाचा.
"तवा कागद आमच्यापतुर चढतच न्हवता."

मग त्या म्हशी सांगायला लागल्या.
आत्ताची चांदी, ती मोरीची,
मोरी बिजलीची, बिजली लंगड्या हरणीची,
कुठंही न अडखळता, जसं कुणी पाढे म्हणावेत.
नवव्या म्हशीला नवरा रांगत होता,
पंधरावी व्याली त्या साली सासऱ्याच्या बापानं
करवंदीच्या जाळीपलीकडं पहिलं खोपट घातलं.
सतरावीला वाघानं धरलं.
तिथं धोंडा पुरलाय, दर अवसेला शेंदूर.
"आणू का धोंडा?"

मशीन तापून बसलं होतं.
मला त्या सड्यावरच्या पवनचक्क्या आठवल्या.
कुणी त्यांना विचारलं असेल,
तुमचा आजा कुठला?

नियमाचं पुस्तक माझ्याकडंही आहे,
विकायला ठेवलेलं, कुणी घेत नाही.
तेराव्या नियमात लिहिलंय :
वडीलधाऱ्यांचा जबाब चालतो.
जुनं घर चालतं, विहीर चालते,
देवाचं ठिकाण चालतं.
म्हणजे धोंडा चालतो.
हे कचेरीतून कुणी खाली येऊन सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी त्या बमू येडग्यांना घेऊन आल्या,
शेजारच्या वाड्यावरचे, नव्वदीच्या घरात, कानानं मंद.
ते ओरडून सांगत होते, मी लिहीत होतो.
सतरा म्हशी, एक वाघ,
पाण्याचा झरा दोन, त्यातला एक आटलेला.
खाली अंगठा, गडद निळा,
कागदाच्या बाहेर थोडा गेलेला.

तीन प्रती काढल्या. पैसे नको म्हटलं.
ठकूबाई कनवटीची गाठ सोडत म्हणाल्या,
"फुकाट नगं. फुकाट घेतलं
की मागनं कुणीतरी हक्क सांगतंय."

अकरा रुपये, मोजून.
पायरीवरनं परत फिरल्या.
"पावती दे. तारीख घाल. माझं नाव घाल.
नातवाला इचारतीलच की कुणीतरी."