रकाना

रघुवीर पालशेतकर, वय चौसष्ट, तांडेल, वेळणेश्वर.
रक्तदाब होता. क्रिएटिनिन एक पूर्णांक सात.
शेवंतीकाकूंनी सही केली, बोटांना अजून
सोललेल्या कोळंबीचा वास.
"येऊ दे कामाला कुणाच्या," म्हणाल्या.

रात्रभर मी फोन लावत बसले.
पहिल्यांनी वय विचारलं, "कळवतो" म्हणाले.
दुसरीकडचे सर्जन ओळखीचे, खरं बोलले:
मॅडम, यंदा दोन फेल गेल्यात. तिसरी गेली
की समिती येते फायली उघडायला.
वर्षभर टिकलेल्यांची टक्केवारी, तेवढीच बघतात.
तिसऱ्यांनी उचललाच नाही.

बर्फ दोनदा बदलला.
जेटीवरच्या लिलावात कल्ला फाटलेली सुरमईसुद्धा
भाव पाडून का होईना,
जाते कुणाच्या तरी तव्यावर.

चिपळूणला चार नंबरच्या मशीनवर
हसनमियाँ परकार, सातवं वर्ष.
पाणी झाकणानं मोजून पितात.
त्यांना कुणी विचारलंच नाही,
चार वर्षं चालेल, कदाचित नाहीही; घ्याल का?

महिनाअखेरीला फॉर्म भरला.
बसवलेल्या किती. त्यातल्या निकामी किती.
परत फिरवलेल्यांना रकाना नाही.
मी समासात लिहिलं, पेन्सिलीनं,
डावी. उजवी.

बाराव्यानंतर काकूंचा फोन:
"त्या माणसाला लघवी होते ना गं नीट?"
आवाज तुटतोय काकू, मी म्हटलं.
तुटत नव्हता.
मागे त्यांचं कोंबडं आरवलेलंही
मला ऐकू आलं.